शिक्का मारला कोणी, पुसायचा कोणी?

(देवळा, जि. नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



समाजात काही गोष्टी निषिद्ध कशा ठरतात आणि ज्यांच्यावर कलंक लादला जातो ते समाजघटक त्याला कसे सामोरे जातात, असा विषय आयोजकांनी मला दिला आहे. शब्द जड आहेत. पण विषय आपल्या गावाच्या वेशीवर उभा आहे. वेशीबाहेरच्या पडीक जागेत एखाद्या संध्याकाळी दोन-चार पाले पडतात. दुसऱ्या दिवशी पारावर कुजबुज सुरू होते. कोण आहेत, कुठले आहेत, रात्री जरा लक्ष ठेवा. पालातल्या माणसाने अद्याप कोणाचे काहीही बिघडवलेले नसते. त्याचे नावही कोणी विचारलेले नसते. तरी त्याच्याविषयीचा निकाल लागलेला असतो. हा निकाल कोणी लावला, तो इतका पक्का कसा झाला, आणि ज्याच्याविरुद्ध तो लागला तो माणूस पुढे काय करतो, या तीन प्रश्नांचा विचार आज आपल्याला करायचा आहे.

कामावरून माणसाकडे

आपल्या भाषेत 'डाग' या शब्दाला दोन अर्थ आहेत. कपड्याला पडतो तो डाग आणि तापल्या लोखंडाने जनावराला देतात तो डाग. पहिला धुतला की जातो, दुसरा जन्मभर राहतो. इंग्रजीतील 'स्टिग्मा' हा मूळचा ग्रीक शब्द या दुसऱ्या अर्थाचा आहे. गुलामांच्या आणि गुन्हेगारांच्या अंगावर उमटवलेली खूण म्हणजे स्टिग्मा. 'टॅबू' हा शब्द पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांवरचा. कॅप्टन कुकच्या १७७७ सालच्या नोंदींतून तो युरोपात गेला. म्हणजे निषिद्धाची कल्पना कोणा एका समाजाची मिरासदारी नाही. ती सर्वत्र आहे.

प्रत्येक निषेधाच्या मुळाशी दुष्टपणाच असतो, असेही नाही. मृत्यूची भीती, रोगाची भीती, अपरिचिताची भीती यांतून अनेक बंधने आली. अडचण पुढे सुरू होते. एखादे काम आधी अशुभ किंवा अपवित्र ठरते. मग ते काम करणारा माणूस तसा ठरतो. मग त्याचा मुलगा, ज्याने ते काम कधी केलेलेच नाही, तोही तसाच ठरतो. कारण विसरले जाते आणि नियम मात्र उरतो. बंधन कामावरून माणसावर आणि माणसावरून त्याच्या वंशावर सरकते, त्या क्षणी निषिद्धाचा कलंक होतो.

हे सरकणे कसे घडते, हे पाहण्यासाठी आपल्याच भागातील समाजांकडे वळू या.

गरज संपली, ओळख संपली

आपल्या कसमादे पट्ट्यात मेंढपाळ ठेलाऱ्यांचे वाडे येतात. ते आले की शेतकरी स्वतः त्यांच्याकडे जातो, आपल्या रानात मेंढ्या बसवण्याविषयी बोलणी करतो. मेंढ्या रात्रभर शेतात बसल्या की रानाला लेंडीखत मिळते. चराईवरून कधी वाद होतात, हे खरे; परंतु वाड्यावरच्या माणसाचे नाव शेतकऱ्याला ठाऊक असते, मागल्या वर्षी तो कोणाच्या शेतात उतरला होता हेही ठाऊक असते. तोही परगावचाच, तोही भटका, त्याचेही बिऱ्हाड पाठीवर. मग त्याच्याविषयी एक भावना आणि पालातल्या माणसाविषयी दुसरी, असे का? उत्तर सोपे आहे. ठेलाऱ्याची आपल्याला अजून गरज आहे. पालातल्या माणसाची गरज संपली आहे, आणि गरज संपली की ओळख संपते. ओळख संपलेल्या जागी भीती येऊन बसते.

महाराष्ट्रात ज्या चौदा जाती 'विमुक्त जाती' म्हणून शासनाच्या यादीत आहेत, त्यांची नावे या दृष्टीने वाचून पाहा. बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर वाहतूक करणारा. वडार म्हणजे दगड फोडणारा. आपल्या विहिरी, बांध, घाट त्याच्या हातचे. कैकाडी म्हणजे टोपल्या-कणग्या विणणारा. छप्परबंद म्हणजे घराचे छप्पर शाकारणारा. रामोशी आणि बेरड म्हणजे गावाची आणि किल्ल्याची राखण करणारे. ही यादी चोरांची नसून कामकऱ्यांची आहे. ज्यांच्या हाती गावाने घराच्या किल्ल्या दिल्या होत्या, त्यांच्यापासूनच घर सांभाळायला गाव पुढे शिकले.

हा उलटा प्रवास कसा झाला? १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि किल्ल्यांवरील शिबंदी मोडली. पुरंदरच्या परिसरातील रामोशांचे पिढीजात हक्क गेले. त्यातून उमाजी नाईकांचा उठाव उभा राहिला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. आपल्या नाशिक-नगर भागात भिल्ल समाजाचे भागोजी नाईक स्वतः इंग्रजांच्या पोलीस दलात अधिकारी होते. १८५७ मध्ये त्यांनी नांदूर शिंगोटे परिसरात इंग्रजांना आव्हान दिले आणि १८५९ मध्ये लढताना त्यांना मृत्यू आला. आपल्या दृष्टीने हे स्वातंत्र्ययोद्धे. सरकारी दप्तरात मात्र त्यांची नोंद दरोडेखोर म्हणून झाली, आणि त्यांच्या मागे राहिलेला समाज त्या नोंदीचा वारस ठरला.

बंजाऱ्यांचा प्रवास वेगळा. त्यांनी कोणाविरुद्ध शस्त्र उचलले म्हणून त्यांची उपजीविका गेली, असे नव्हे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे गेली, १८६५ मध्ये ती थळ घाट चढून आपल्या जिल्ह्यात आली. घाटाघाटांतून मीठ आणि धान्य नेणाऱ्या तांड्यांचे काम पुढे आगगाडीने केले. तांडा होता, बैल होते, फक्त माल उरला नाही. काम नसलेला आणि तरीही फिरणारा माणूस राज्यकर्त्याला नेहमीच संशयास्पद वाटतो. एका जागी राहणाऱ्याची मोजदाद करता येते, त्याच्याकडून सारा घेता येतो. फिरणारा हिशेबात बसत नाही.

संशयाला कागद मिळाला

संशय होताच. १८७१ मध्ये त्याला कायद्याचा कागद मिळाला. 'गुन्हेगार जमाती कायदा' प्रथम उत्तर भारतातील प्रांतांसाठी झाला, १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश भारतात लागू करता आला आणि १९२४ मध्ये पुन्हा एकत्रित स्वरूपात आला. त्यामागचा युक्तिवाद मोठा चलाख होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा मुलगा लोहार होतो; तर मग चोराचा मुलगा चोरच होणार. आपल्याच समाजातील जन्माधारित व्यवस्थेचा पुरावा घेऊन परक्या राज्यकर्त्याने आपल्याच बांधवांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. याच दशकांत त्याने दुसरी एक यादी केली, लढवय्या जातींची. ज्या महार सैनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलवार गाजवली, त्यांची लष्करभरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. एका यादीत शौर्य जन्माने मिळत होते, दुसऱ्या यादीत गुन्हा.

कायद्याची यंत्रणा कशी चाले, हे तपशिलाने समजून घेण्यासारखे आहे. कारण कलंक कसा टिकतो त्याचे उत्तर तिथे आहे. एखादी जमात अधिसूचित झाली की तिच्यातील प्रत्येकाची नोंद होई. अधिसूचना योग्य की अयोग्य, हे न्यायालयात विचारण्याची सोय नव्हती. नोंद झालेल्याला ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर परवाना लागे. पुढे बोटांचे ठसे घेणे सुरू झाले. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहवजा वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत अशी असंख्य कुटुंबे राहिली. आजही तो भाग 'सेटलमेंट' याच नावाने ओळखला जातो.

आता या यंत्रणेतील पेच पाहा. हजेरी चुकवणे हाच गुन्हा. मजुरीसाठी परवान्याविना शेजारच्या गावी जाणे हाही गुन्हा. म्हणजे पोट भरायला बाहेर पडले तर गुन्हा नोंदवला जाणार आणि नाही पडले तर उपासमार. नोंदीतील गुन्हे वाढत गेले आणि वाढलेल्या नोंदी दाखवून सांगितले गेले की, पाहा, ही जमात गुन्हेगारच आहे. आधी शिक्का, मग शिक्क्यातून निर्माण झालेला पुरावा, आणि त्या पुराव्याने पुन्हा पक्का झालेला शिक्का. असे हे चक्र आहे.

कायदा गेला, नजर राहिली

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. या बांधवांच्या पायातील बेडी ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे पाच वर्षे सोळा दिवसांनी निघाली. म्हणून ते ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. परंतु कायद्याच्या पुस्तकातून नाव पुसले म्हणजे शेजाऱ्याच्या मनातून पुसले, असे होत नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. तो व्यक्तीविषयी होता, जमातीविषयी नव्हता. पण ठाण्यातील सवय जुनीच राहिली आणि चोरी झाली की पहिला छापा पालावर पडत राहिला. त्याच वर्षीच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे या मिषाने पैसे घेणेही भीक मागण्यात गणले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्याची शिकार, गारुड्याचा नाग आणि दरवेशाचे अस्वल यांवर बंदी आली. वन्यजीवांचे रक्षण व्हायलाच हवे, त्याविषयी दुमत नाही. ज्याचे साधन काढून घेतले त्याच्या हाती दुसरे साधन वेळेवर दिले गेले नाही, एवढाच आक्षेप आहे.

सगळा दोष इंग्रजांवर टाकून आपली सुटका होणार नाही. इंग्रज गेले त्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली. त्यांनी मारलेला शिक्का आपण जपून ठेवला. आणि अस्पृश्यता तर कोणा परक्याने आणलेली नव्हती. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेचे कोणत्याही प्रकारे समर्थन होऊ शकत नाही, ती मुळापासून गेली पाहिजे, अशी निःसंदिग्ध मांडणी केली होती. ती मांडणी ऐकणे सोपे असते, वेशीवर पाळणे अवघड.

किती अवघड, ते आपल्याच शेजारी दिसले. बागलाण ओलांडला की साक्री तालुका लागतो. त्या तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडे बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. ते सोलापूरच्या मंगळवेढा भागातील, भिक्षेसाठी फिरत आलेले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणी सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्याच सुमारास मालेगावात अशाच अफवेवरून जमाव जमला होता. तिथे पोलिसांनी वेळीच धाव घेतली आणि एका लहान मुलासह त्या निरपराध जीवांचे प्राण वाचले. अफवा तीच, पट्टाही जवळपास तोच. वेळेवर मध्ये उभे राहणारे कोणी होते की नव्हते, एवढाच फरक.

राईनपाड्याला मारले गेलेले नाथपंथी होते, हे मला पुन्हा पुन्हा आठवते. आपल्या जिल्ह्यातील ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश दिला, अशी आपली श्रद्धा आहे. त्या उपदेशाची परंपरा ज्ञानेश्वर माउलींपर्यंत आली. ती चार भावंडे 'संन्याशाची पोरे' म्हणून वाळीत पडली होती, शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली होती, हेही आपणच कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. कीर्तनातल्या वाळीत पडलेल्या मुलांसाठी रडणारा समाज बाजारात आलेल्या नाथपंथीयाला ओळखत नाही, ही आपल्या काळाची शोकांतिका आहे.

डाग बसलेला माणूस काय करतो?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. कलंक लादलेला माणूस स्वस्थ बसत नाही. तो काही ना काही मार्ग शोधतो. असे मार्ग मला प्रामुख्याने पाच दिसतात.

पहिला मार्ग लपण्याचा. शिकलेला तरुण शहरात खोली घेताना आपली जमात सांगत नाही. मित्राला घरी नेत नाही. आईचा फोन आला की बाहेर जाऊन आपल्या बोलीत बोलतो. पारध्याची बोली गुजरातीला जवळची, वडाराची तेलुगूला, कैकाड्याची तमिळला. या शेकडो मैलांच्या प्रवासाच्या खुणा आहेत, भाषाशास्त्रज्ञाला आनंद व्हावा अशा. गावाला मात्र ती 'चोरांची भाषा' वाटते. म्हणून तो ती लपवतो, आणि तो लपवतो म्हणून गावाचा संशय वाढतो.

दुसरा मार्ग आत मिटून घेण्याचा. ज्याला पोलीस ठाण्यात न्याय नाही, चावडीवर मान नाही, तो आपली जातपंचायत बळकट करतो. संकटात पंचायतच जामीन राहते, पंचायतच वाद मिटवते. परंतु बंद खोलीतील हवा कुबट होते. पंचायत दंड वसूल करते, कुटुंबे वाळीत टाकते, मुलींच्या जीवनाचे निर्णय घेते. २०१३ मध्ये नाशिक शहरात एका भटक्या समाजातील गर्भवती तरुणीचा आंतरजातीय विवाहाच्या कारणावरून जन्मदात्यानेच जीव घेतला. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी नाशिकमधूनच जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध मोहीम उघडली. राज्याने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी तर कोणाची वाट न पाहता स्वतःच आपल्या समाजातील कौमार्य परीक्षेच्या अघोरी प्रथेविरुद्ध आवाज उठवला. बाहेरचा कलंक आणि आतला जाच, अशा दोन आघाड्यांवर लढणाऱ्या या मुलांचे धैर्य असामान्य आहे.

तिसरा मार्ग दार ठोठावण्याचा, आणि दार उघडलेच नाही तर निघून जाण्याचा. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्याने पाहिले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते तो वर्षानुवर्षे नेटाने चालवत राहिले. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपुरात ती पूर्ण केली. पाच वर्षे दाराशी उभा राहिलेला माणूस घाईने गेला, असे कोणालाही म्हणता येणार नाही. उशीर दारामागच्यांनी केला होता.

चौथा मार्ग लेखणीचा. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सीमाभागातील बेळगाव परिसरातून भीमराव गस्ती यांनी 'बेरड' लिहिले आणि देवदासींच्या पुनर्वसनासाठी आयुष्य वेचले. शीर्षके पाहा. ज्या शब्दांनी हिणवले गेले, तेच शब्द या लेखकांनी मुखपृष्ठावर छापले. जो शब्द दुसरा आपल्याला शिवी म्हणून देतो, तो आपण स्वतःच्या सहीसारखा वापरला की त्यातले विष उतरते. हा मोठा विजय आहे.

पाचवा मार्ग संघटनेचा, शिक्षणाचा आणि न्यायालयाचा. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि दादा इदाते यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्यानंतरच्या दशकात देशभरातील भटक्या-विमुक्तांचे प्रश्न सरकारपुढे मांडले. २०१९ मध्ये त्यांच्यासाठी कल्याण मंडळ स्थापन झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. भटक्या जमातींना पळून जाण्याची उपजत खोड असते, अशा आशयाचे कलम स्वतंत्र भारतातील नियमावलीत तोवर शिल्लक होते. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश न्यायालयाने दिला. १८७१ ची सावली पुसायला एवढा काळ लागला.

या पाचही मार्गांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. लपणारा खोटारडा वाटतो, मिटून घेणारा मागास वाटतो, दार सोडून जाणारा कृतघ्न वाटतो, लिहिणारा कडवट वाटतो, न्यायालयात जाणारा भांडखोर वाटतो. या पाच तक्रारी आपण त्यांच्या स्वभावाविषयी करतो. प्रत्यक्षात ती आपल्या वागणुकीला मिळालेली पाच उत्तरे आहेत. उत्तर आवडत नसेल तर प्रश्न बदलावा लागतो, आणि प्रश्न विचारणारे आपण आहोत.

वेशीवरची कामे

मग आपण काय करायचे? दया नको, दयेतही उंचावर उभे राहणे असते. मी चार साधी कामे सुचवतो. देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी ती सहज होण्यासारखी आहेत.

पहिले काम, नाव विचारणे. पाल पडले की दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी जाऊन बसावे. कुठून आलात, पुढे कुठे जाणार, काम काय करता, मुले किती, एवढे विचारावे. पोलीस पाटलालाही ही माहिती द्यावी, ती चौकशी म्हणून नव्हे, ओळख म्हणून. उद्या अफवा आली तर 'मी त्यांना ओळखतो' असे म्हणणारी चार माणसे गावात असतील. राईनपाड्याला अशा चार माणसांची गरज होती.

दुसरे काम, दाखला. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या जातप्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजोबा कोणत्याही गावात चार महिन्यांहून अधिक राहिला नाही, त्याने १९६१ चा रहिवास कोठून आणायचा? शिधापत्रिका, आधार, मतदारयादी, दाखला या प्रत्येक पायरीवर तो अडतो. तहसील कार्यालयात त्याच्यासोबत जाणारा, अर्ज भरून देणारा, पुन्हा पुन्हा पाठपुरावा करणारा एक सुशिक्षित माणूस प्रत्येक कुटुंबाला मिळाला तर आरक्षणाची तरतूद कागदावरून उतरून घरात येईल.

तिसरे काम, शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही आणि त्याला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. हे मुख्याध्यापकांना ठाऊक असते. पालातल्या आईला ठाऊक नसते. तिला ते सांगायचे आहे. तुळजापूरजवळील यमगरवाडीत १९९३ पासून गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी व अन्य भटक्या समाजांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या मुलांच्या वडिलांना गावकरी वेशीवरून हाकलत होते, त्यांची मुले आज वर्गात उभी राहून शिकवत आहेत. जिथे शाळेपर्यंत मूल येऊ शकत नाही, तिथे पालावरच शाळा भरवण्याचे प्रयोगही कार्यकर्त्यांनी केले आहेत. कसमादेतील निवृत्त शिक्षकांनी मनावर घेतले तर इथेही हे घडेल.

चौथे काम आमच्या व्यवसायाचे आणि तुमच्याही जिभेचे. चोरी झाली की बातमीच्या मथळ्यात जमातीचे नाव येते. सुशिक्षित, सुस्थितीतील माणसाने बँक बुडवली तर त्याच्या जातीचे नाव मथळ्यात येत नाही. तिथे गुन्हा एका माणसाचा असतो, इथे साऱ्या जमातीचा होतो. वर्तमानपत्राने तसे छापू नये आणि वाचकाने ते खपवून घेऊ नये. संपादकाला पत्र लिहावे. घरातही तेच. मूल जेवत नाही म्हणून 'पालवाल्याला देऊन टाकीन' असे आपण सहज म्हणतो. १८७१ चा कायदा आपण आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच भाषेत, पुन्हा लागू करतो. त्याची पुढची हजेरी मग ते मूल मोठे होऊन घेते.

बंधू-भगिनींनो, समरसता हा शब्द आपण व्यासपीठांवरून पुष्कळ वापरतो. त्याची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती आठवडे बाजारात होते, शाळेच्या प्रवेशाच्या दिवशी होते, भाड्याची खोली देताना होते आणि रात्री भ्रमणध्वनीवर आलेला संदेश पुढे पाठवावा की नाही, हे ठरवताना होते. इंग्रजांनी शिक्का मारला तेव्हा आपण पारतंत्र्यात होतो. आज तो पुसायला आपल्याला कोणाच्याही परवान्याची गरज नाही. या हंगामात वेशीवर पाल पडेल, तेव्हा आधी जाऊन त्यांचे नाव विचारा. एवढे बोलून मी थांबतो.